कंपनीच्या खुर्चीत मामंजी

घरून काम करणाऱ्यांना कंपनीनं खुर्चीसाठी भत्ता दिला, म्हणून मी गोकुळ रोडवरनं चांगली खुर्ची आणली. आणल्या दिवशीच माझे सासरे तीत बसले, ते बसलेच. येईल त्याला सांगायचे, "सुनेच्या कंपनीनं दिली." समोरचा कानडीत म्हणायचा, "छलो ऐती!" म्हणजे झकास आहे.

छलो कसलं डोंबल! मी स्वयंपाकघरात जोंधळ्याच्या डब्यावर बसून मीटिंगा करत होते. पाठीचं पार भजं झालं.

"मामंजी, ती खुर्ची माझ्या कामाला आणलीय."

"अगं, तू घरीच तर असतेस!"

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या माणसाला उठवतात होय गं?"

मग कंपनीचा मेल आला. खुर्चीत बसून काम करतानाचा फोटो पाठवा, नाहीतर भत्ता पगारात धरून कर कापू.

आता मामंजींना उठवायचासुद्धा कंटाळा आला मला. होते तसाच फोटो काढला. अंगात बनियन, एक पाय वर, हातात पेपर, बोट नाकात. तोच पाठवला. निदान कोणी विचारेल तरी, हे कोण?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कामाची जागा योग्य आहे. मंजूर."

ते मी डब्यावर बसूनच वाचलं.