चुंबनाविना मिस्सा

कार्डिनल जोसरां खेचरावरून उतरला, तरी पोन्स म्हातारा दारातून हलला नाही. जोसरांने अंगठीचा हात पुढे केला. पोन्सने त्याचं चुंबन घेतलं नाही, बाजारातलं गाजर पारखावं तसा नुसता उलटसुलट करून पाहिला.

"तलवार होती तेव्हा बरा दिसायचा हा हात," तो म्हणाला.

जोसरांने ते गिळलं. सरदारकीच्या दिवसांत, कुरणाच्या भांडणात, याच हाताने त्याने पोन्सच्या एकुलत्या एका मुलाला, एमरिकला, कापलं होतं. पुढे बायको गेली, झगा अंगावर आला, उतारवयात लॅटिन घोकून झालं, आणि राजाराजांचे तह जुळवता जुळवता डोक्यावर लाल टोपी चढली. आता पोपमहाराजांनी त्याला स्वतःच्याच गावचं वैर मिटवायला धाडलं होतं. त्याचा भाचा रेमबो पोन्सच्या बुरुजात कोंडलेला. तह झाला तरच सुटणार. आणि तह म्हणजे भर मिस्सेत, देवळातल्या उपासनेत, सगळ्यांदेखत, दोघांनी शांतीचं चुंबन घ्यायचं. त्याशिवाय कागदावरच्या नुसत्या मोहरेला इकडे कुत्रंही विचारत नाही.

"मिस्सेत चुंबनाची वेळ आली की घेईन," पोन्स म्हणाला. "पण मिस्सा तू म्हणायची. माझ्या एमरिकच्या आत्म्यासाठी."

म्हातारा विरघळला! जोसरांने मान लववली. "म्हणतो, काका."

"काका म्हणू नकोस."

सकाळी देवळात मुंगीला वाट नव्हती. मेलेल्यांच्या मिस्सेचा काळा पोशाख चढवून जोसरां छान गायला. चुंबनाची जागा जवळ आली आणि त्याचे हात वेदीवरच थिजले. मेलेल्याच्या मिस्सेत शांतीचं चुंबन नसतंच. लहानपणापासून वेदीशी वाढलेला कुठलाही पाद्री हे झोपेत सांगेल. हा पडला तहातला शहाणा. त्याने मागे पाहिलं. पोन्स पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून उभा होता.

मिस्सा संपली. वेळ आलीच नाही.

"उद्या साधी मिस्सा म्हणतो," जोसरां बाहेर येऊन म्हणाला.

"उद्या माझ्या भावासाठी. परवा मेव्हण्यासाठी. आमच्यात मेलेले पुष्कळ आहेत. तुम्ही लोकांनी कधी हात आखडता घेतला नाही."

"मालक, बुरुजाचं दार कुजकं आहे," जोसरांचा शिपाईनाईक गोसलां त्याच्या कानाशी पुटपुटला. "नुसती मान हलवा."

वरच्या फटीतून रेमबो ओरडला, "मामा! अजून गाणीच चाललीत का?"

जोसरांचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे झग्याची दोरी होती. त्याने तीच घट्ट आवळली.

"गोसलां, खेचरावरचं माझं सामान उतरव. आणि तलवारी घेऊन तुम्ही घरी जा."

"आणि रेमबो?"

जोसरांने वर पाहिलं नाही. "उद्या गिरोसाठी," तो पोन्सला म्हणाला. भावाचं नाव विचारावं लागलं नाही. तोही याच हाताने गेला होता.

"मग तो काळा पोशाख काढूच नकोस," पोन्स म्हणाला, आणि एकटाच जेवायला आत गेला.