दादाच्या गोंदाचा वास

खोलीत दादा होता, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी सकाळी दार लोटलं की आधी त्याचा वास यायचा. त्याने स्वतः घोटून बनवलेल्या गोंदाचा तो कडवट गोड वास. पूर्वी तो दादाच्या शर्टाला, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा लागलेला असे. धाकटी दारातूनच म्हणायची, "आले रे, दादा," आणि घरून आणून खुर्चीवर ठेवलेली त्याची बॅग जरा सरकवून बसायची. हसू नका. माणूस गेल्यावर मागची माणसं काय काय करतात, ते ज्याचं गेलंय त्यालाच ठाऊक.

ही खोली ज्या इमारतीत होती, ती तशी मोठी गुणाची. उपग्रहाचे सुटे भाग बनवू पाहणाऱ्या उत्साही टाळक्यांना सरकार तिथे खोली देई, महागडी यंत्रं वापरू देई, वर पहिलं गिऱ्हाईकही गाठून देई. नाहीतर घरच्या टेबलावर बसून आभाळाचे धंदे कोणाच्या बापाला जमणार होते! अट एकच होती. आपटलात तर का आपटलात ते चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं, आणि फसलेला तुकडा जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायचा, म्हणजे पुढचा त्याच खड्ड्यात पडायला नको. जो सांगेल त्याला खोली पुन्हा मिळे. शेजारचा अँटेनावाला दोनदा आपटून तिसऱ्यांदा आला होता. "अर्धं कपाट माझंच आहे," असं तो ऐटीत सांगायचा.

त्या कपाटात दादाचं मात्र काही नव्हतं. त्याने आपल्या गोंदाने जोडून बनवलेली बिजागरी एका उपग्रहावर बसून वर गेली, आणि थोड्याच दिवसांत त्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झाल्यासारखं धूसर दिसायला लागलं. मग तशीच दुसरी बिजागरी चाचणीच्या टाकीत घालून पाहिली, तर तिथेही समोरची काच धुरकटली. सगळे म्हणाले, गोंदातून काहीतरी सुटतंय. दादा म्हणाला, माझा गोंद चोख आहे, तुमची चाचणीची टाकीच घाण आहे. शेवटपर्यंत त्याने हेका सोडला नाही. खोली गेली, मित्र तुटले. त्याने हाय खाल्ली, आणि हाय खाल्लेला माणूस किती टिकणार?

धाकटीने हट्टाने तीच खोली मागून घेतली. धंदा करायचाय, असं ती सांगे. खरं म्हणजे तिला दादाचा शब्द खरा करून दाखवायचा होता. म्हणून बिजागरी त्याच्याच आराखड्याची, आणि गोंदही त्याच्याच हातचा, मागे उरलेल्या डब्यातला. आई म्हणालीसुद्धा, "तो डबा टाकून दे गं बाई." पण ऐकेल ती धाकटी कसली!

टाकीची चाचणी साधी होती. बिजागरी आत ठेवायची, समोर एक लख्ख काच ठेवायची, हवा ओढून घ्यायची आणि तापवायचं. बिजागरीतून काही सुटलं तर ते काचेवर जाऊन बसतं. चाचणीच्या बाईंनी काच बाहेर काढून उजेडात धरली. तिच्यावर दुधावर धरते तशी पातळ साय धरली होती.

"तुझ्या दादाच्या वेळी होती तश्शीच," बाई म्हणाल्या.

धाकटीला चक्क आनंद झाला. "आता टाकी रिकामी चालवा, बाई. आत फक्त काच ठेवा. रिकाम्या टाकीत साय धरली तर घाण टाकीतच आहे!"

"तुझी पाळी त्यात जाईल. गिऱ्हाईक खोळंबलंय. ते गेलं तर पुन्हा येईल का, सांगता येत नाही."

"जाऊ दे. दादा ओरडून ओरडून हेच सांगत होता ना? तेव्हा कोणी ऐकलं?"

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी टाकीचं दार लावलं.

टाकी तापत होती तेवढा वेळ धाकटी तिथून हलली नाही. काच मळकी निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली जगात ती एकटीच असेल. दादा, फक्त एकदा, ती मनात म्हणत होती. एकदा सगळ्यांचे दात घशात घालू दे.

काच बाहेर आली ती लख्ख.

धाकटीने ती उजेडात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. बाई शेजारच्या स्टुलावर टेकल्या.

"तुला सांगणार नव्हते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "टाकी रिकामी चालवून बघू, असं मी त्यालाही म्हटलं होतं. तोच नको म्हणाला. हात जोडले त्याने माझ्यापुढे."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

बाईंनी उलट विचारलं, "तुझ्या खोलीत अजून त्या गोंदाचा वास येतो?"

"येतो. रोज येतो. मी म्हणते, दादा आहे."

"वास येतो म्हणजे काहीतरी सुटतंय, पोरी. आपल्या नाकापर्यंत येतं, तेच तिकडे काचेवर जाऊन बसतं."

धाकटी हमसून हमसून रडली. रोज सकाळी दादा दारातच तिला खरं काय ते सांगत होता, आणि ती लाडाने त्याला हाक मारून कामाला बसत होती.

चहाच्या वेळी ती जिन्याजवळ उभी राहिली. "ही माझ्या दादाची बिजागरी," ती म्हणाली. "टाकी चांगली होती. गोंद वाईट होता. त्याला ते कळलं होतं, पण सांगायची लाज वाटली. तुम्ही लाजू नका." तिने बिजागरी पुढे केली. अँटेनावाल्याने कपाटातले आपले तुकडे बाजूला सारले आणि जागा करून दिली.

गिऱ्हाईक थांबायला तयार झालं. धाकटीने आईचं ऐकलं, डबा टाकला. खिडक्या उघडल्या, नवा गोंद आणला, त्याला कसलाच वास नव्हता. हळूहळू खोलीलाही कसला वास राहिला नाही. आता दार लोटलं की आत फक्त टेबल असतं आणि खुर्ची. ती काही न बोलता बसते.

पण जिन्याजवळच्या कपाटाला, बिजागरी ठेवलीय तिथेच, आतून साय धरते. पुसली तरी पुन्हा धरते. खोलीत जाण्याआधी धाकटी रोज कपाटाचं दार उघडते, रुमालाने काच पुसते आणि म्हणते, "आले रे, दादा."