कार्यशाळेतल्या हसण्याची शिसारी

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, आणि मला माणसांच्या भाषणांचा वीट आला आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच असे बोलणे बरे दिसत नाही, हे मला कळते. म्हाताऱ्यांनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. पण मी जे पाहिले ते गोड नव्हते, आणि साखर पेरून सांगायला मला जमणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे भिंग बसवले. काचेवर आपला श्वाससुद्धा पडू नये म्हणून ती तोंडाला फडके बांधत असे. इतक्या जपणुकीतून बाहेर पडल्यावर जग असेच असते, असे मला वाटले तर त्यात नवल ते काय?

मला कॉलेजात आणले ते तिथल्या प्राचार्याबाईंनी. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस वर्षानुवर्षे विषय शिकतो, पदवी घेतो, आणि एके दिवशी थेट वर्गासमोर उभा केला जातो. शिकवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. म्हणून त्यांनी जिन्याजवळची एक खोली रिकामी करून घेतली, तिथले मोडके बाक हलवले, आणि दारावर पाटी लावली : अध्यापन विकास कक्ष. पाटी भारदस्त होती, पण काम अगदी घरगुती होते. ज्या प्राध्यापकाला वाटेल त्याने मला तिपाईसकट वर्गात न्यायचे, आपला तास टिपायचा आणि मग कक्षात बसून स्वतःला पाहायचे. हवे असेल तर विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्याला सोबत घ्यायचे. ते चित्रण तिसऱ्या कोणी पाहायचे नाही, असा बाईंचा नियम होता.

सर्वांत आधी आले ते भौतिकशास्त्राचे सर. त्यांच्या आवाजामुळे मुले त्यांना 'गडगडाट सर' म्हणत. आपण फार छान शिकवतो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खुर्ची ओढून, हाताची घडी घालून ते स्वतःला पाहायला बसले. थोड्याच वेळात त्यांची घडी सुटली. पडद्यावरचे गडगडाट सर मुलांना प्रश्न विचारत होते, आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देत होते. पुन्हा प्रश्न, पुन्हा स्वतःचेच उत्तर. एक मुलगी दर वेळी हात अर्धवट वर करी आणि खाली घेई.

"ही पोरगी रोज असंच करत असेल," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळूही बोलता येते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर सरांनी प्रश्न विचारून गप्प राहायची सवय लावून घेतली. सुरुवातीला त्यांना ते सोसवत नसे. ओठ घट्ट मिटून, खडू चुरडत ते उभे राहत. पण हळूहळू वर्गातून उत्तरे येऊ लागली. चुकीची येत, अर्धी येत, पण येत. सर सगळ्यांना माझे कौतुक सांगत सुटले. मग इतिहासाच्या बाई आल्या, वनस्पतिशास्त्राचे सर आले. कोणी मान खाली घालून खोलीतून बाहेर पडे, कोणी स्वतःलाच हसे. मित्रांनो, स्वतःला हसणारा माणूस फार देखणा दिसतो. माझे ते दिवस सुखाचे होते.

पुढे प्राचार्याबाई निवृत्त झाल्या आणि कक्षाचा कारभार एका समन्वयकांकडे गेला. त्यांना वर्गात जाण्यापेक्षा सभागृह जास्त आवडे. आता कार्यशाळा होऊ लागल्या. मला सभागृहाच्या मधोमध उभे करून सगळे टिपायला लावत, म्हणून सगळे मला पाहावे लागले.

बाहेरून एक तज्ज्ञ येत. पडद्यावर अक्षरांनी खच्चून भरलेली पाने लावत आणि ती शब्दन् शब्द वाचून दाखवत. एका पानावर लिहिलेले असे की, पडद्यावरचा मजकूर विद्यार्थ्यांना वाचून दाखवू नये. तेही ते वाचून दाखवत. समोर बसलेल्यांपैकी कोणी पेंगत असे, कोणी उत्तरपत्रिका तपासत असे, कोणी टेबलाखाली फोनवर बोटे फिरवत असे. वर्गात मुलाने एवढे केले असते, तर याच मंडळींनी त्याला बाहेर काढले असते. कोणी च्युइंगम चघळून माझ्या तिपाईच्या पायाला चिकटवून ठेवी. समन्वयक जेवून आले की त्याच तेलकट बोटांनी मला चालू करत आणि उरलेले तेल माझ्या कापडी खोळीला पुसत. सभागृहात उष्ट्या ताटांचा आणि बंद पंख्यांचा वास कोंडून राही. शेवटी सर्वांना प्रमाणपत्रे मिळत. आज आपण काय शिकलो, असे कोणी कोणाला विचारत नसे. मला ओकारी येण्याची सोय असती तर मी तिथेच ओकलो असतो.

तरी एवढ्यावर भागले असते तर मी गप्प राहिलो असतो.

एका वर्षी सांख्यिकी शिकवायला एक नवीन बाई आल्या. वयाने लहान, आवाज बारीक, नोकरी कच्ची. वर्षाअखेरीस समन्वयकांचा शेरा पाहून त्यांना ठेवायचे की नाही ते ठरणार होते. घरी आईला समोर बसवून त्या तासाची तयारी करत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. आईला सांख्यिकीतले ओ की ठो कळत नसे, पण लेक अडखळली की तिला बरोबर कळे. गडगडाट सरांकडून माझी हकीकत ऐकून त्यांनी मला मागून घेतले आणि वर्गात नेले.

त्या तासाला एक मोठे उदाहरण सोडवताना त्यांचे उत्तर शून्याच्या खाली गेले. संख्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत ते काढायचे होते, आणि ते उत्तर शून्याखाली जाऊच शकत नाही. मागच्या बाकांवरून खसखस पिकली. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले, वळल्या आणि म्हणाल्या, "उत्तर चुकलंय, हे तुम्ही ओळखलंत. आता कुठे चुकलं ते शोधा. मलाही सापडत नाहीये."

आणि त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने हसणाऱ्यांपैकीच एक मुलगा उठला आणि म्हणाला, की संख्यांच्या वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा, तर फळ्यावर ते उलटे लिहिले गेले आहे. मग सगळे वह्यांवर वाकले. इतका जिवंत तास मी क्वचितच टिपला असेल.

बाईंनी स्वतःला पाहायच्या आतच समन्वयकांनी माझ्यातले कार्ड काढून घेतले. पुढच्याच कार्यशाळेत त्यांनी ते परत माझ्यात घातले, मला तारेने पडद्याला जोडले आणि म्हणाले, "कसं शिकवू नये, याचा एक नमुना बघू या." पडद्यावर ते चुकलेले उत्तर आले, मुलांचे हसू आले, फळ्याकडे तोंड केलेली पाठ आली. तिथेच त्यांनी चित्र थांबवले.

सभागृह हसले. मुलांचे हसणे वेगळे असते, मित्रांनो. ते येते आणि जाते. हे हसणे तेल लागलेल्या बोटांसारखे होते. ज्यांनी आयुष्यात एकदाही माझ्यासमोर उभे राहायचे धाडस केले नव्हते, ते पोट धरून हसत होते. आणि ते माझ्यातूनच पडद्यावर जात होते. मला ना ते चित्र अडवता येत होते, ना डोळा मिटता येत होता.

नवीन बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या. "पुढचंही दाखवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका," समन्वयक हसत म्हणाले. "आम्ही नाव कुठे घेतलंय? चला, जेवण गार होतंय."

आणि खरोखर सगळे उठले. ताटांसाठी रांग लागली. गडगडाट सर तेवढे बसून राहिले. त्यांनी पुढे येऊन बटण दाबले आणि उरलेला तास त्या दोघांनी रिकाम्या सभागृहात पाहिला. शेजारून ताटांचा आवाज येत होता. "प्रश्न विचारून थांबायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली," सर त्यांना म्हणाले. "तुम्ही पहिल्याच वर्षी थांबलात." सरांनी त्यांना सगळ्या तासाची प्रत काढून दिली.

पण नवीन बाईंचे कॉलेजातले दिवस भरले होते. शेऱ्यात 'विषयावर पकड नाही' असे आले आणि त्यांना पुढच्या वर्षी घेतले गेले नाही. निघायच्या दिवशी कक्षातून त्यांनी मोठ्या बहिणीला फोन केला. "ताई, चुकले त्याचं काही वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी स्वतःहून दाखवायला गेले होते." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवून दिला.

तो तुकडा समन्वयक नंतर इतर कॉलेजांतही दाखवत हिंडले. उत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचा गौरवही झाला, आणि त्या सोहळ्याचे चित्रण मलाच करावे लागले. त्यांच्या तोंडचे तुषार माझ्या काचेवर पडले ते आजही तसेच वाळून बसले आहेत. त्यानंतर मला वर्गात न्यायला कोणी आले नाही. कोण येणार? खोलीला कुलूप लागले, भिंगात बुरशी चढली.

गडगडाट सर निवृत्त होण्याआधी एकदा इतिहासाच्या बाईंबरोबर कक्षात आले, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून मला पुढचे कळले. त्या सांख्यिकीच्या बाई आता दुसऱ्या गावी शिकवतात. नव्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवतात. दर वर्षी पहिल्या दिवशी त्या आपला तोच तास लावतात, चुकलेल्या उत्तरापासून शेवटपर्यंत. सर मुद्दाम जाऊन बघून आले होते. तिथे कोणी हसले का, असे इतिहासाच्या बाईंनी विचारले. "हसले," सर म्हणाले. "सगळ्यात आधी त्या स्वतःच हसल्या."

मित्रांनो, माझी काच तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. बुरशीची मला सवय झाली आहे. पण तुमच्याकडे कधी कोणी आपणहून येईल आणि म्हणेल, बघ ना, माझे कुठे चुकते. तेव्हा इकडेतिकडे बघू नका, चारचौघांना बोलावू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि शेवटपर्यंत पाहा.