चौतीस जणींची प्रार्थना

महिन्यातला सगळ्यात नकोसा दिवस कुठला असं कुणी पाळकीणबाईंना विचारलं असतं, तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं: पत्राचा. पण विचारणार कोण? दर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी मुलगी शाळेत गेली की त्यांचे यजमान, चर्चचे पाळक, टेबलावरचा पसारा कोपराने बाजूला सारायचे, लॅपटॉप उघडायचे आणि म्हणायचे, "हं, सांग." जणू बाईंनी महिनाभराच्या बातम्या पदराला गाठ मारून जपून ठेवल्या होत्या.

पत्र मायदेशी जायचं. ज्या मंडळीने, म्हणजे चर्चने, या तिघांना इतक्या लांब, परक्या शहरात नवी मंडळी उभी करायला पाठवलं होतं, तिच्याकडे. पत्रात चार रकाने ठरलेले: हजेरी, आभार, प्रार्थनेचे विषय आणि घरची खुशाली. सहा वर्षांत एकही रकाना रिकामा गेला नव्हता. "रिकामा रकाना बघितला की लोकांचा धीर सुटतो," असं पाळक म्हणायचे. लोकांचा म्हणजे नक्की कुणाचा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि बाईंनीही खोदून विचारलं नाही.

गोष्ट घडली त्या महिन्यात बेकरीत काम करणारं कुटुंब दुसऱ्या गावी निघून गेलं होतं. नवरा, बायको, दोन मुलं. बघता बघता चार डोकी कमी झाली.

"हजेरी सात," पाळक टाइप करत म्हणाले.

बाईंनी बोटं मोजली. घरचे तिघे. त्या दोन म्हाताऱ्या बहिणी, ज्या एकमेकींवर रुसलेल्या असल्यामुळे मध्ये दोन खुर्च्या सोडून बसायच्या. इस्पितळात शिकणारी नर्स. सहाच होतात.

"सातवा कोण हो?"

"तो नळवाला."

"अहो, तो भिंतीची ओल बघायला आला होता!"

"पण शेवटच्या गीतापर्यंत बसला की नाही?"

"दारात तुम्ही उभे होतात. जाणार कुठून बिचारा?"

पाळक हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. प्रार्थनेच्या विषयांचा रकाना तसाच कोरा होता आणि त्यांची बोटं कीबोर्डवर नुसती टेकलेली होती. बाईंना त्यांची फार दया आली. हा माणूस दर शनिवारी घराला लागून असलेल्या उपासनेच्या हॉलमध्ये जाऊन बावीस रिकाम्या खुर्च्यांना उपदेश म्हणून दाखवायचा आणि बावीसच्या बावीस विश्वासाने मांडून ठेवायचा. रविवारी उपासना संपली की न वापरलेल्या खुर्च्या घडी करून ठेवायचं काम मात्र बाईंचं.

"खालच्या बाईचं लिहा," बाई म्हणाल्या.

खालची बाई म्हणजे हॉलच्या खाली जिचं दुकान होतं ती शिलाईवाली. कपडे लहानमोठे करायचे, चेन बदलायची, फाटलेलं शिवायचं, असं तिचं काम. तोंडात कायम चार टाचण्या, गळ्यात टेप, आणि स्वभाव कात्रीसारखा. दुकानात कुणालाही उभं राहू द्यायची नाही. "कुणी डोक्यावर उभं राहिलं की माझी शिवण वाकडी जाते," असं ती तोंडावर सांगायची. कपडा द्या, नाव सांगा, चिठ्ठी घ्या, दिलेल्या दिवशी या. नियम सगळ्यांना एकच. बटण लावायचं असलं तरी चिठ्ठी!

पाळकीणबाई पहिल्यांदा गेल्या त्या हॉलच्या पडद्यांसाठी. तिथल्या भाषेत बाई पाच वर्षांच्या पोरीसारखं बोलत. शब्द मिळेना म्हणून त्यांनी हातवारे केले, पडदा अंगाला गुंडाळून दाखवला. शिलाईवालीने टाचण्या तोंडातून काढल्या आणि त्या शहरात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी बाईंसमोर पोट धरून हसलं. बाईंनाही हसू फुटलं. मग दर बुधवारी एक ते दोन, दुकान बंद असायच्या वेळेत, बाई आपला डबा घेऊन खाली जायला लागल्या. मशिनमागे त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं गेलं. शिलाईवाली त्यांचं बोलणं सुधारायची, त्या तिची बटणं नि रिळं रंगाप्रमाणे वेगळी करायच्या. देवाचं नाव फारसं निघायचं नाही. दोन वर्षं हे चाललं.

बाकी सगळा आठवडा बाई दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायच्या. नर्सची परीक्षा, त्या दोघी बहिणींचं जुनं भांडण, दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून. "पाळकीणबाई, तुम्ही कशा आहात?" असंही कुणी कुणी विचारायचं, पण विचारणाऱ्याचा एक पाय जिन्यावर असायचा. उत्तर "छान" एवढंच असतं हे दोघांनाही ठाऊक. बुधवारी मात्र शिलाईवाली विचारायची आणि वाट बघायची.

अशाच एका बुधवारी तिने सांगितलं होतं, की तिची एकुलती एक मुलगी सहा वर्षं तिच्याशी बोलत नाही. त्याच शहरात राहते. नातवंड झालं म्हणे, पण ते मुलीच्या शेजारणीकडून कळलं. तिने त्या बाळासाठी झबली शिवून ठेवली होती, दर वर्षी एक माप मोठं. हे सांगताना ती रडली आणि रडताना मशिन चालवत राहिली.

त्या मंगळवारी पत्र लिहिताना बाईंनी पाळकांना ते सगळं सांगितलं. मुलगी, नातवंड, झबली. पाळकांची बोटं झरझर चालायला लागली. चिमणीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, काढलेला दोघींचा फोटोही त्यांनी खाली लावला. खरं सांगायचं तर बाईंना तेव्हा काहीच टोचलं नाही. उलट बरं वाटलं. आपल्या माणसांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी, यात वाईट ते काय? जन्मभर त्यांनी प्रेम याच रीतीने केलेलं पाहिलं होतं.

मायदेशी मंडळीच्या महिला मंडळाची एक पद्धत होती. पत्र आलं की त्यातली नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, चौतीस जणींनी एकेक चिठ्ठी उचलायची आणि आपापल्या चिठ्ठीसाठी महिनाभर रोज प्रार्थना करायची. त्या महिन्यात नावच एक होतं, म्हणून चौतीसही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं गेलं. त्यातली एक आली मंडळातल्या सगळ्यात वयस्कर मावशींच्या हाती. मावशी नुसत्या प्रार्थनेवर थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नातीकडून कॉम्प्युटरवर तिथल्या भाषेत मजकूर उतरवून घेतला, फुलाफुलांच्या कार्डावर कापऱ्या हाताने नकलला आणि पत्रावरच्या पत्त्यावर पाठवून दिला. हॉलचा आणि दुकानाचा पत्ता एकच, फक्त मजला वेगळा.

पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी बाई डबा घेऊन खाली गेल्या तेव्हा स्टूल जागेवर नव्हतं. शिलाईवालीने कार्ड पुढे केलं.

'प्रिय भगिनी,' त्यात लिहिलं होतं, 'तुझी मुलगी तुझ्याशी बोलत नाही आणि तू बाळासाठी झबली शिवतेस, हे आम्हाला पाळकीणबाईंच्या पत्रातून कळलं. आम्ही चौतीस जणी रोज पहाटे तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तू लवकर उपासनेला येऊ लागशील असा आमचा विश्वास आहे.'

बाईंच्या हातातला डबा जड झाला.

"हे तू लिहिलंस?" शिलाईवालीने विचारलं.

"त्यांनी चांगल्या मनाने..."

"त्यांचं नाही विचारत. त्या म्हातारीचा मला राग नाही. तू लिहिलंस का?"

"हो."

"या रस्त्यावर एका माणसाला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "तुला सांगितलं कारण मला वाटलं, बुधवारी तू माझ्याकडे येतेस. तू तर कामावर येत होतीस."

बाईंनी तोंड उघडलं. शिकवलेले सगळे शब्द ऐनवेळी दगा देऊन गेले. मायबोलीत बोलायचं असतं तरी काय बोलल्या असत्या, देव जाणे.

"दोन वाजता दुकान उघडतं," शिलाईवाली म्हणाली आणि तिने टाचण्या तोंडात धरल्या.

वर आल्यावर बाईंनी पाळकांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं.

"तिचं नाव काढून टाका," बाई म्हणाल्या.

"पत्रातून काढीन गं. पण लोकांना काय कळवू? प्रार्थना थांबवा? असं कुणी कळवतं का?"

चार दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. "वहिनी, त्या शिलाईवाल्या बाईंचं काय झालं? आल्या का उपासनेला? सगळ्या जणी नुसत्या विचारतायत! मी तर म्हटलं, यश येणारच."

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

"येतील, येतील. आम्ही काही सोडणार नाही त्यांना. बाकी तुम्ही कशा आहात?"

"छान," बाई म्हणाल्या.

मग पाच बुधवार गेले. एक वाजता बाई वरच्या स्वयंपाकघरात उभ्याने डबा खायच्या. फरशीखालून मशिनचा आवाज यायचा, कारण शिलाईवालीने त्या वेळेत दुकान बंद ठेवणं सोडून दिलं होतं. चिमणी एकदा शाळेतून लवकर आली, तिने आईला तसं पाहिलं. "आई, तू घरात डबा का भरतेस?" असं विचारून ती थोडा वेळ उभी राहिली. मग आपल्या खोलीत निघून गेली.

सहाव्या बुधवारी बाईंनी आपला एक स्कर्ट काढला. त्याची खालची दुमड चार बोटं उसवली होती. घरी सुईदोरा होता आणि बाईंना शिवता येत होतं. तरी त्या तो घेऊन खाली गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

शिलाईवालीने स्कर्ट उलटा करून पाहिला. चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं.

"नाव?"

दोन वर्षं ज्या बाईने पाळकीणबाईंचं नाव बरोबर म्हणता यावं म्हणून तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या होत्या, ती नाव विचारत होती. बाईंनी सांगितलं. तिने लिहिलं. पेन दिवसाच्या जागी आलं, तेवढ्यात बाई बोलल्या. वाक्य त्यांनी जिन्यावर जुळवून ठेवलं होतं, सोप्या शब्दांचं, पाच वर्षांच्या पोरीलाही म्हणता येईल असं.

"मी प्रार्थना करत नाही."

पेन थांबलं.

"सगळ्यांसमोर करते. डोळे मिटते, बोलते. एकटी असले की काही येत नाही. दोन वर्षं झाली. नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही. त्या चौतीस जणींना कळलं, तर आम्हाला परत बोलावून घेतील. सहा वर्षांचं सगळं संपेल." बाईंना धाप लागली होती. "तुझं मी सांगितलं. आता माझं तुझ्याकडे आहे. तुला वाटेल त्याला तू लिही. पत्ता त्या कार्डावर आहे."

शिलाईवालीने पेन खाली ठेवलं. रस्त्यावरून एक गाडी गेली, दुकानाची काच थरथरली.

"कुणाला लिहू?" ती म्हणाली. "मला कोण आहे?"

बाईंना रडू आवरेना. त्यांनी चेहरा वळवला आणि भिंतीवरच्या रिळांकडे बघत उभ्या राहिल्या. निळं, गडद निळं, करडं. काही महिन्यांपूर्वी त्यांनीच लावून दिलेली.

"त्यांना सांग, माझ्यासाठी प्रार्थना करणं थांबवा म्हणावं," पाठीमागून आवाज आला.

"नवऱ्याला सांगितलं. प्रार्थना थांबवा असं कुणी कळवतं का, म्हणतो."

"मग माझ्या जागी तुझं नाव दे."

"ते देता येत नाही."

"का?"

"आम्ही पाठवलेली माणसं. आमचं नाव फक्त खुशालीच्या रकान्यात येतं."

शिलाईवालीने चिठ्ठी पुस्तकातून फाडली, चुरगळली आणि मशिनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकली. झालं, कपडासुद्धा घेत नाही, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी स्कर्टसाठी हात पुढे केला.

"चार बोटांचं काम आहे," ती म्हणाली. "थांब."

स्टूल आतल्या खोलीत होतं. ते तिने आणलं नाही. बाईंनी स्वतः जाऊन आणलं आणि मशिनमागे जुन्या जागी नाही, जरा अलीकडे ठेवलं. शिलाईवालीने तिकडे बघितलंही नाही. रंग जुळवायला तिने तीन रिळं काढून पाहिली, जरी पहिलंच बरोबर होतं. चार बोटं शिवली, डोळ्यांशी धरून पाहिली, उसवली आणि परत शिवायला घेतली. पाच मिनिटांच्या कामाला तिने पाऊण तास लावला.

त्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी पाळक म्हणाले, "हं, सांग." हजेरी सहा झाली. आभारात नर्सची परीक्षा आली.

"प्रार्थनेचे विषय?"

बाई खिडकीशी उभ्या होत्या. खालून मशिनचा आवाज येत होता. स्कर्ट त्यांच्या अंगावर होता.

"या वेळी काही नाही," त्या म्हणाल्या. "तो रकाना रिकामाच जाऊ द्या."

पाळकांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण ते थोडे थांबले. मग त्यांनी घरच्या खुशालीचा रकाना उघडला आणि लिहिलं, 'आम्ही तिघंही छान आहोत.'