ध्रुवपारचा तंटा

बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या त्या गावानं बाबाजींना तंटामुक्ती समितीचं अध्यक्ष केलं ते त्यांच्या आवाजामुळे. आयुष्यभर एसटी चालवलेली, त्यामुळे इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय होती, आणि भांडणारी माणसं त्या आवाजापुढे आपोआप गप्प व्हायची. बांधाचे तंटे, कोंबड्यांचे तंटे, शेजाऱ्याच्या अंगणात पडलेल्या नारळाचे तंटे, सगळे त्यांनी मिटवले होते. इतके मिटवले की गावात भांडणच उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाबाजींना जरा सुनं सुनं वाटायला लागलं होतं.

अशात एका सकाळी गावच्या कबड्डी संघाचा कप्तान रतन त्यांच्या ओटीवर येऊन बसला. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, केतन आन विनेश एकमेकांचा हात धरत न्हाईत."

केतन आणि विनेश म्हणजे संघाची डावी बाजू. चढाईला आलेला गडी रेषेजवळ घुटमळला की दोघं हातात हात गुंफून साखळी करायचे आणि त्याला असा काही दाबायचे की तालुक्यात त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नसे. बालवाडीपासूनचे दोस्त. पण गेल्या सामन्यात दोघंही हात मागे बांधून उभे होते, आणि समोरच्यांनी पडलेले आंबे वेचावेत तसे गुण वेचून नेले. पुढच्या रविवारी तर तळा गावात मोठी स्पर्धा.

"पोरीची भानगड?" बाबाजींनी विचारलं.

"न्हाय."

"जमिनीचं काय?"

"न्हाय काका. ग्रॉल."

"हा कुठला?"

"दुसऱ्या ग्रहावरचा," रतन खाली मान घालून म्हणाला.

मग हळूहळू उलगडा झाला. 'ध्रुवपार' नावाची परदेशी सिनेमांची मालिका होती, हिंदीत डब केलेली, सात भागांची. केतन आणि विनेशनं ती इतक्या वेळा पाहिली होती की यानाचा कुठला दरवाजा कुठे उघडतो हे त्यांना स्वतःच्या घरापेक्षा नीट माहीत होतं. भांडण होतं ते गोष्ट नेमकी कुठे फसली यावर.

बाबाजींनी दोघांना संध्याकाळी देवळात बोलावलं. केतनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, विनेश घरचा टेम्पो चालवायचा. दोघं सभामंडपाच्या दोन टोकांना बसले. आधी केतन बोलला.

"चौथ्या भागात महाधिपती ग्रॉल कृष्णविवरात पडला. सगळ्यांसमोर पडला. सहाव्या भागात दारातून सरळ आत येतो आन जेवायच्या टेबलाशी बसतो. कसा आला, कुठून आला, एक शब्द न्हाय. ही काय गोष्ट सांगायची रीत झाली?"

"कृष्णविवर म्हंजे काय?" बाबाजींनी विचारलं.

"आत पडलेलं काहीच बाहेर येत न्हाय, असं भोक."

"बरं. विनेश, तू बोल."

"तो आला ते बरंच झालं," विनेश म्हणाला. "तो नसंल तर मारामारी कुणाशी करायची? खरा घोळ कालद्वाराचा. पाचव्या भागात कॅप्टन तारो त्यातून मागच्या काळात जातो. कशाला, तर विसरलेली तलवार आणायला. मग तिसऱ्या भागात आई मेली तवा ह्याला कालद्वार आठवलं न्हाय?"

"तवा चार्जिंग नव्हतं," केतन भिंतीकडे बघत म्हणाला.

"कुठं सांगितलंय?"

"समजून घ्यायचं असतं."

"मग ग्रॉलचं पण समजून घे की."

केतन ताडकन उठला. बाबाजींनी आवाज लावून त्याला खाली बसवलं आणि विषय निवावा म्हणून विचारलं, "ती आई बरीच म्हातारी व्हती काय?"

"साडेतीनशे वर्सांची," विनेश म्हणाला. त्यानं बाहीला डोळे पुसले. केतननंही डोळे पुसले.

"मग सुटली की बिचारी," बाबाजी म्हणाले, आणि दोघांनीही त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी सभा आवरती घेतली.

बाबाजींचा एक नियम होता. बांधाचा तंटा असला की बांधावर जाऊन उभं राहायचं, मगच निवाडा द्यायचा. इथे बांध नव्हता, म्हणून त्यांनी केतनकडून पेनड्राइव्ह घेतला, टीव्हीला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दिवेलागणीला पाहणीला बसले. शेजारी त्यांची बायको ठमाबाई वाल सोलत बसायच्या.

पहिल्या भागात दोघांनाही काही कळलं नाही. "ही मानसं जेवतात कवा?" एवढंच ठमाबाईंनी दोनदा विचारलं. दुसऱ्या भागात बाबाजी खुर्चीत पुढे सरकले. तिसऱ्या भागात आई गेली, तेव्हा ठमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चुलीवरचं कालवण करपून गेलं.  दोघांनी तसंच खाल्लं.

पण बाबाजींचा जीव अडकला तो भलत्याच ठिकाणी. कॅप्टन तारो त्यांच्या मनातून पहिल्यापासून उतरत गेला. तो पोरगा कुठेही उशिरा पोचायचा, आणि यान लावायचं तर भर बाजारात, लोकांच्या डोक्यावर. ज्या माणसानं मोठी गाडी कधी चुकीच्या जागी उभी केली नव्हती, त्याला हे बघवेना. उलट ग्रॉल. रोज सकाळी आपल्या ताफ्यातून फेरी मारायचा, एकेकाला नावानं हाक मारायचा, आणि त्याची यानं वेळेवर सुटायची. चौथ्या भागात तो कृष्णविवरात पडला, त्या दिवशी बाबाजी रात्रीचा चहा न घेताच झोपले. सहाव्या भागात तो दारातून आत आला तेव्हा बाबाजी खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अवो, बसा," ठमाबाई म्हणाल्या. "त्यो तुम्हाला बघत न्हाय."

तळ्याच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी देवळात निवाडा झाला. सगळा संघ जमला होता.

"मी सातही भाग बघितले," बाबाजी म्हणाले. "केतन, ग्रॉल परत आला यात माझी काय हरकत न्हाय. विनेश, त्या कालद्वाराचं पण मला काय पडलं न्हाय. गोष्टीत खोट एकच हाय. गोष्ट ग्रॉलची हाय आन नाव लावलंय तारोचं."



"काका," केतन जपून म्हणाला, "ग्रॉलनं अख्खा ग्रह उडवला."

"नोटीस दिली व्हती."

"नोटीस?" विनेश पुढे सरकला. "त्यांची भाषा तरी येत व्हती का त्याला?"

"भाषेचं ज्याचं त्यानं बघायचं. नोटीस दिली व्हती का न्हाय?"

"त्यानं तारोच्या आईला मारलं, काका," केतन म्हणाला.

"ती मधे आली."

विनेश आणि केतन, दोघंही उभे राहिले. मग एकमेकांकडे वळले.

"ह्यांनी बघितलंच न्हाय नीट," विनेश म्हणाला. केतनशी तो किती तरी दिवसांनी न भांडता बोलत होता.

"मधेच झोपले असतील," केतन म्हणाला.

"मी झोपलो नव्हतो," बाबाजींनी आवाज चढवला, पण पहिल्यांदाच त्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही. दोघं त्यांना समजावायला लागले, आधी आळीपाळीनं, मग एकदम. रतननं दिवे लावले, आरती झाली, प्रसाद वाटला, तरी ते तिघं खांबापाशी तसेच. बाबाजींना आतून वाईट वाटत होतं. साऱ्या गावात एकालाही ग्रॉलची बाजू कळू नये.

दुसऱ्या दिवशी विनेशच्याच टेम्पोतून संघ तळ्याला निघाला. बाबाजी पुढे बसले होते. त्यांच्या एका कानाशी विनेश, आणि मागच्या खिडकीतून दुसऱ्या कानाशी केतन. तळ्याचा किल्ला दिसेपर्यंत दोघांनी त्यांना ग्रॉलचे गुन्हे ऐकवले. बाबाजी समोर रस्त्याकडे बघत "नोटीस" एवढंच म्हणत राहिले.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी समोरच्या संघाचा उंच चढाईपटू आत आला आणि नेमका डाव्या बाजूला घुटमळू लागला. केतन, विनेश अजूनही हातभर अंतर ठेवून उभे होते. मैत्री जुळली तरी सवय मोडायला वेळ लागतो. बाबाजींना राहवलं नाही. कडेला उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात हाक दिली, "केतन, ग्रॉलसारखा उभा ऱ्हा."

मैदानावर दोघांनीही संतापानं मान वळवली, बाबाजींकडे बघितलं, मग एकमेकांकडे. चढाईपटूला वाटलं, यांचं लक्ष उडालं. त्यानं बोनससाठी पाय आत टाकला. तोवर दोघांचे हात कधी गुंफले गेले ते त्यांनाही कळलं नाही. गडी मातीत होता, रतन त्याच्यावर, आणि रतनवर बाकीचा संघ.

गाव जिंकलं. रतननं बाबाजींच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काका, तंटा मिटला."

"एक मिटला," बाबाजी म्हणाले.

दिवाळीत आठवा भाग लागला. केतन आणि विनेश बाबाजींना नातेवाइकाची गाडी काढून पनवेलला घेऊन गेले, खास दाखवायला, आणि थिएटरात दोघांच्या मधे बसवलं. आठव्या भागात ग्रॉल हा तारोचा मामा निघाला. अंधारात तिघांनी एकदमच श्वास रोखला.

परतीच्या वाटेवर माणगाव गेलं, म्हसळा गेलं, गाडीत कुणाला कशाची शुद्ध नव्हती.

"मामा व्हता तर सख्ख्या बहिणीला मारताना हात कसा थरथरला न्हाय?" विनेश स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला.

"आन बहीण मेल्यावर रडला का न्हाय?" केतन म्हणाला. "हे काल सुचलंय ह्यांना. लिहिणाऱ्याला आधीपासून काय ठावं न्हाय."

"आतल्या आत रडला," बाबाजी म्हणाले. "सातव्या भागात बघ, खिडकीशी उभा असतो. पाठ बघ त्याची."

"पाठीवरनं रडणं कळतं काय, काका?"

"कळतं. बघणाऱ्याला कळतं."

गावचा फाटा कधी मागे पडला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. रस्ता संपला आणि समोर पाणी आलं तेव्हा ते दिघीच्या जेट्टीवर होते. गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवरच्या माणसानं हात हलवून पुढे यायची खूण केली. मागून दुसरी गाडी हॉर्न देत होती, आणि विनेश त्या क्षणी मागे वळून केतनला सांगत होता की मामा असणं आणि मामासारखं वागणं यात फरक असतो. त्यानं गाडी सरळ बोटीवर चढवली. खाडीचा वारा सुटला, संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं, आणि तिघं कठड्याला टेकून कालद्वारावर येऊन पोचले.

पलीकडे उतरल्यावर ठमाबाईंचा फोन आला.

"अवो, कुठं हाय तुम्ही?"

बाबाजींनी इकडेतिकडे बघितलं. "आगरदांड्याला."

"आगरदांड्याला? तिथं कशाला?"

"चर्चा चालू हाय," बाबाजी म्हणाले, आणि केतनला हातानं थांबायची खूण करून त्यांनी आपला मुद्दा पुढे चालू केला.