जांभळी फळं

"बाबा, समोर आहे! अगदी तुझ्या नाकासमोर!"

"कुठे? मला तर सगळी पानंच दिसताहेत."

नातीने कपाळावर हात मारला. माझ्या लेकाला लहानपणापासून लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. हातात मावणाऱ्या गेमिंग कॉम्प्युटरवर बापलेक पाळीपाळीने खेळतात. झाडीतली पिकलेली लाल फळं तोडायची, कच्ची तोडली की खेळ संपला. आजही त्याने कच्चंच तोडलं.

"तू एकटीच खेळ गं, माझ्यामुळे हरतेस," म्हणत तो कपड्यांच्या घड्या घालायला आत गेला.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिला खेळायचं होतं ते बाबाबरोबरच. मग तिने खेळावर इफेक्ट चढवायला घेतले. म्हणजे खेळ तोच, पण चित्र पडद्यावर येण्याआधी त्याला वरून रंगरंगोटी. तिने लाल गडद केला, कडा धारदार केल्या, चकाकी आणली, वर उन्हाची तिरीपही सोडली. यंत्र इस्त्रीसारखं तापलं, पंखा घोंघावू लागला आणि खेळ अडखळत चालला.

"अगं, एका वेळी एकच बदल," मी सांगितलं. "नाहीतर कशाने काय झालं, कळणार कसं?"

"आजोबा, आत्ता शिकवू नका ना!"

शेवटी वैतागून तिने सगळे काढले, रंगाचा तेवढा ठेवला. रंग बदलायची त्याची पडद्यावरची पट्टी थोडी तिने सरकवली, थोडी मी. फळं अशी लालचुटुक झाली की बघत राहावं! बापाला ओढून आणलं.

"पानं छान आहेत," तो म्हणाला.

"अरे देवा!" आम्ही दोघंही ओरडलो.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रंग दिसत नाहीत कोणाला, आणि तपासतंय कोण!

"पट्टी त्यालाच सरकवू दे," मी म्हणालो.

तो कंटाळत पट्टी ढकलत राहिला. फळं जांभळी पडली, आकाश गढूळलं.

"शी! किती घाण! बाबा, मागे घे, मागे..."

"थांब." तो पडद्यावर वाकला. "एवढी फळं होती इथे?"

त्याने एक तोडलं. मग दुसरं. मग पलीकडच्या झाडावरचं.

"बाबा, आता माझी पाळी."

"थांब गं, अजून दिसताहेत."

"आजोबा, बघा ना! हा देतच नाहीये!"