बाहीखालचा ऑक्टोपस

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक ऑक्टोपस आहे. निळा, मोठ्या डोक्याचा आणि चेहऱ्याने जरा वैतागलेला. पहिल्या नोकरीत एका वॉर्डात बत्तीस पेशंट आणि आम्ही दोघीच होतो, तेव्हा ठरवलं की जे हात जन्मतः मिळाले नाहीत ते गोंदवून घ्यावेत. त्याच वर्षी उजवी भुवई टोचून घेतली, तिच्यात एक बारीक रिंग घातली. दिवसभर दुसऱ्यांना टोचणाऱ्या बाईने स्वतःला एकदा टोचून घेतलं तर एवढं काय, असं माझं म्हणणं. आई म्हणाली, "आठ हात जास्तीचे आलेत ना, मग त्यातल्या एकाने तुझं कपाट आवर."

या हॉस्पिटलात येऊन मला आठ महिने झाले होते. मी सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग करते आणि चांगलं करते. हे मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? जखमेला चिकटलेली पट्टी मी अशी सोडवते की पेशंट काही सांगत असेल तर त्याचं वाक्यसुद्धा मध्ये तुटत नाही. लोक हात दाबून धरतात, डोळे मिटतात आणि मग विचारतात, "काढली?" तो प्रश्न ऐकण्यासाठी मी सकाळी उठते.

गडबड झाली ती सात नंबरच्या आजींमुळे. आजी भुलीतून अर्धवट जाग्या होत होत्या, मी त्यांच्या अंगावरून हात नेऊन सलाइनची नळी सरळ करत होते. त्यांनी डोळे उघडले, नाकासमोर आठ पायांचं काहीतरी पाहिलं आणि "कोळी, कोळी" म्हणत लाथ अशी झाडली की ट्रे दाराशी जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी मला जवळ बसवून सगळे पाय मोजले आणि सात भरले म्हणून पुन्हा मोजले. पण तोवर त्यांच्या मुलाने लेखी तक्रार देऊन ठेवली होती. त्यात लिहिलं होतं, "ही नर्स आहे की गुंड?"

मेट्रन मॅडमनी बोलावून घेतलं. इस्त्री मोडू नये म्हणून त्या खुर्चीच्या टोकावर बसतात, तीस वर्षं तशाच बसत आल्या आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "पण पेशंट आधी चेहरा बघतो, हात बघतो. काम मागून बघतो. उद्यापासून मनगटापर्यंत बाही आणि भुवईवर पट्टी. पंधरा दिवसांनी मी बघेन. तेव्हाही हेच असेल तर तुम्हाला खाली नोंदींच्या खोलीत पाठवावं लागेल."

नोंदींच्या खोलीत फायली असतात. फायली "काढली?" असं विचारत नाहीत. मी मुकाट्याने लांब बाह्यांचे चार सदरे शिवून घेतले.

ती बाही म्हणजे डोक्याला ताप होता. हात धुवायचे तर बाही वर सारायची, धुतले की ती घसरून खाली यायची, म्हणजे धुतलेल्या हाताने पुन्हा बाहीला हात. एकदा तिची कड सलाइनच्या वाटीत बुडली आणि अख्खा ट्रे बदलावा लागला. भुवईवरच्या पट्टीने खाज सुटायची ती वेगळीच. बरं, सूचनाफलकावर दोन परिपत्रकं शेजारी शेजारी लावलेली. एकात लिहिलेलं, गोंदलेला हात झाकावा. दुसऱ्यात, ड्रेसिंग करताना कोपराच्या खाली काहीही असू नये. दोन्हींवर सही मॅडमचीच. मी त्यांना दोन्ही कागद दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काळजी घेऊन करा," आणि फोन उचलला.

घरी आल्यावर मी आईपुढे तोंड सोडलं. आई स्वतः निवृत्त नर्स, त्यामुळे ती अर्थातच मेट्रनच्या बाजूने. ती माझ्या सदऱ्याची कड ब्रशने घासत होती.

"आमच्या डोक्यावर टोपी असायची," ती म्हणाली. "कडक खळ घातलेली. ती घातली की डॉक्टरसुद्धा नीट बोलायचे. तुम्हाला मान नको, नुसतं चित्र हवं."

"मग ती टोपी गेली कुठे?"

आईचा ब्रश थांबला. "संसर्ग बघायला एक बाई आली होती. तिने माझ्या टोपीवरून कापसाची काडी फिरवली आणि एका बशीत घासली. तीन दिवसांनी ती बशी मला दाखवली. काय काय उगवलं होतं त्यात, विचारू नकोस. वाकलं की टोपी पेशंटला लागायची ना, प्रत्येक पेशंटला." ती पुन्हा घासू लागली. "दोन दिवस रडले मी. पण पुन्हा घातली नाही."

मला त्या क्षणी आईचा फार अभिमान वाटला, आणि युक्तीही सुचली.

आमच्याकडे संसर्ग बघणारी सिस्टर आहे, तिला सगळे दिवेवाली म्हणतात. ती एक मलम आणते, जंतू म्हणून ते लावायचं, मग हात धुवायचे आणि तिच्या जांभळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे मलम राहिलं असेल तिथे चमकतं. दिवेवाली येणार म्हटलं की निम्म्या लोकांची पोटं दुखायला लागतात. मी आपण होऊन तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "माझं ड्रेसिंग तपासा. या बाह्यांसकट. मॅडमसमोर."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "ठीक आहे. पण दिवा माझा. तो कुणाची बाजू घेत नाही."

दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत पडदे ओढले. टेबलावर शिकवण्यासाठीचा रबरी हात ठेवला, त्यावर खोटी जखम, जखमेवर ते मलम. हात टेबलावरून घसरायला लागला तेव्हा दिवेवालीने मॅडमनाच तो धरायला सांगितलं. मी हातमोजे घातले, पट्टी सोडवली, जखम पुसली, नवी पट्टी बांधली. मोजे काढले, हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांखालून, अगदी पुस्तकात दाखवतात तसे. मॅडमनीही धुतले.

दिवा लागला. माझे हात स्वच्छ होते. बाहीची कड मात्र मनगटाभोवती लखलखत होती, आणि तिथून शिंतोडे पार कोपरापर्यंत गेले होते. वॉर्डातल्या तिघी बघायला आल्या होत्या, त्यांच्यातली एक "बापरे" म्हणाली. माझी छाती फुगली, ती मी लपवलीही नाही.

"आता वर बघ," दिवेवाली म्हणाली.

तिने दिवा माझ्या तोंडासमोर धरला आणि आरसा हातात दिला. माझ्या भुवईवर एक चमकणारा ठिपका होता. पट्टी एका बाजूने उचकटलेली आणि तिच्या खालून रिंगही चमकत होती.

"ड्रेसिंग करताना तीन वेळा तू मनगट तिथे नेलंस. मी मोजलं."

"पट्टी खाजते म्हणून," मी म्हटलं.

"पट्टी नव्हती तेव्हाही तू विचार करताना ती रिंग चाचपायचीस. वॉर्डात विचार कुणालाही."

मी त्या तिघींकडे बघितलं. तिघीही जमिनीकडे बघत होत्या, म्हणजे खरंच होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बारा वर्षं मी हात धुतेय आणि मला स्वतःची एवढी सवय माहीत नव्हती. मी मोजे नव्याने घातले, रिंग तिथल्या तिथे काढली आणि म्हटलं, "ही कामावर पुन्हा दिसणार नाही. पण बाहीसुद्धा नको. हात उघडा राहू दे, ऑक्टोपस धुता येतो, बाही धुता येत नाही."

मॅडम काही बोलणार होत्या. त्यांनी बोलायला हात उचलला आणि तो दिव्याखाली आला. त्यांच्या बोटातल्या अंगठीभोवती गोल, निळसर प्रकाश होता. धुतलेल्या हातावर तेवढाच.

मॅडम रोज सकाळी फेरीला येतात आणि प्रत्येक पेशंटचा हात हातात घेऊन विचारपूस करतात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त.

"तुम्ही सगळ्या जा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही थांबा."

दार लागल्यावर त्या पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसल्या. अंगठी फिरवून बघितली, ओढून बघितली. पेराशी बोट सुजल्यासारखं जाड झालं होतं. "निघत नाही," त्या म्हणाल्या. "लग्नातली आहे. ते गेल्यावरही काढली नाही, सहा वर्षं झाली."

"मी काढू?"

त्यांनी हात पुढे केला. मी टाके घालायचा जाड दोरा घेतला. त्याचं एक टोक अंगठीखालून आत सारलं, दुसरं बोटाभोवती जवळ जवळ गुंडाळत पेराच्या पुढे नेलं, म्हणजे बोट दबून बारीक होतं. मग आतलं टोक धरून दोरा हळूहळू उलगडत गेले. एकेका वेढ्याबरोबर अंगठी वर सरकत होती. मॅडमची नजर भलतीकडेच होती, माझ्या उघड्या हातावर. मी बाही कधीच वर सारली होती.

"हे गोंदवून घेताना दुखलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आत्ता दुखतंय तेवढं नाही."

त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. मी पुढचा वेढा सोडवला, मग त्याच्या पुढचा. त्या नवऱ्याबद्दल सांगू लागल्या, तो अंगठी घ्यायला गेला तेव्हा बोटाचं माप विसरला होता आणि दुकानात स्वतःच्या करंगळीचं देऊन आला होता, म्हणून ती पहिल्यापासून घट्टच. मला हसू आलं, त्यांनाही आलं. वाक्य संपलं तेव्हा अंगठी माझ्या तळहातावर होती.

"काढली?" मॅडमनी विचारलं.

बोटावर अंगठीच्या जागी एक पांढरी, खोल खूण होती. त्यांनी ती अंगठ्याने चोळली, ती जाणारी नव्हती. मग त्यांनी मला सूचनाफलकावरचा, गोंदलेला हात झाकावा म्हणणारा कागद काढून आणायला सांगितला, त्याचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडून त्यात टाकले.

"वॉर्डात ड्रेसिंगं खोळंबली असतील," त्या म्हणाल्या. "आधी कात्री घ्या आणि त्या बाह्या कापून टाका."